फोनचा खटला, गालिच्याचा कायदा

ज्या फोनवर हा एपिसोड ऐकताय, तो जरा नीट बघा. गोलसर कोपरे, काळी काच, रंगीत आयकॉनच्या रांगा. आता सांगा, तुम्ही मोजलेल्या पैशांपैकी किती या रूपाचे आणि किती आतल्या यंत्राचे? या प्रश्नावर ॲपल आणि सॅमसंग सात वर्षं कोर्टात भांडले.

एप्रिल २०११. ॲपलने कॅलिफोर्नियात सॅमसंगवर दावा ठोकला. गंमत म्हणजे तेव्हा आयफोनमधली मुख्य चिप सॅमसंगच बनवून देत होती! आरोप दोन प्रकारचे. एक तंत्राच्या नकलेचा: यादी शेवटपर्यंत सरकवली की ती रबरासारखी मागे येते ना, तसलं. दुसरा रूपाच्या नकलेचा, म्हणजे डिझाइन पेटंटचा. (टॅबलेटवरून लंडनमध्येही खटला चालला. तिथल्या न्यायाधीशांनी २०१२ मध्ये सांगितलं की सॅमसंगचे टॅब आयपॅडइतके 'कूल' नाहीत, सबब नक्कल नाही. जिंकूनही तोंड लपवावं असा निकाल!)

अमेरिकेत मात्र ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीने सॅमसंगला सुमारे १०५ कोटी डॉलरचा दणका दिला. अपिलांमध्ये रक्कम घटली, तरी निव्वळ रूपापोटीचे ३९.९ कोटी उरलेच. सॅमसंगचं म्हणणं होतं, दिसण्यासाठी अख्ख्या फोनचा नफा का द्यायचा?

द्यायचा, कारण गालिचे. हो, खरंच. १८८५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे गालिच्याच्या नक्षीची चोरी आली होती. कोर्ट म्हणालं, नफा नक्षीमुळेच झाला हे दाखवा. आता गिऱ्हाईक नक्षीला भुललं की विणीला, हे कसं दाखवणार? भरपाई मिळाली सहा सेंट. डॉलर नव्हे, सेंट! नक्षीवाल्यांचं संरक्षणच गेलं, म्हणून १८८७ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला: डिझाइन चोरलं तर त्या वस्तूवरचा संपूर्ण नफा द्यायचा, निदान २५० डॉलर तरी.

गालिच्यापुरतं ते पटतं. नक्षी आणि गालिचा वेगळे काढता येत नाहीत. पण फोनमध्ये कॅमेरा आहे, बॅटरी आहे, सॉफ्टवेअर आहे. मग कायद्यातली 'वस्तू' कोणती, अख्खा फोन की फक्त पुढची काच?

ऑक्टोबर २०१६ मध्ये हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. न्यायाधीशांनी फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचंही उदाहरण चर्चेला घेतलं. ती गाडी लोक घेतात रूपासाठीच की! ६ डिसेंबरला आठही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की 'वस्तू' म्हणजे फोनचा एखादा भागही असू शकतो. कोणता, ते ओळखायचं कसं? ते खालच्या कोर्टाने बघावं. माझ्या मते इथे कोर्टाने सरळ अंग काढून घेतलं. अवघड प्रश्न तर तोच होता.

सॅमसंग जिंकली खरी. पण मे २०१८ मध्ये नव्या ज्युरीने पुन्हा हिशोब केला आणि रूपापोटीची भरपाई काढली ५३.३ कोटी डॉलर. म्हणजे आधीपेक्षा जास्त!

पुढच्याच महिन्यात दोघांनी तडजोड केली. आकडा गुलदस्त्यात राहिला. ज्यावरून भांडण पेटलं ते गॅलेक्सी एसच्या पिढीचे फोन तोवर कधीच बाजारातून गेले होते. 'संपूर्ण नफा' हे शब्द मात्र अमेरिकन कायद्यात अजून तसेच आहेत.