निरोप आणि त्याग

कुत्र्यांची स्मारके जगभर आढळतात. त्यांतील बहुतेक एका विशिष्ट प्रकारच्या कुत्र्याची आहेत: धन्यासाठी झुंजलेल्या, धन्याची वाट पाहत राहिलेल्या किंवा धन्यामागोमाग प्राण सोडलेल्या कुत्र्याची. चौदा-पंधरा वर्षे माणसांच्या घरात काढून, दात गळून, दृष्टी अधू होऊन, एके दिवशी जागचा उठेनासा झालेला जो कुत्रा, त्याचे स्मारक सहसा कोणी उभारीत नाही. इतिहासात त्याला खरोखरच जागा नाही काय, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस पडलेला आहे. त्याचाच मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

आरंभ शेजारच्या कर्नाटकातून करू. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे इ. स. ९४९-५० चा एक शिलालेख सापडला. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याच्या बाजूने लढणाऱ्या गंग राजा बूतुगाने तक्कोलमच्या रणात चोळ राजादित्याचा वध केला, त्या काळातला हा लेख. पराक्रम गाजवणाऱ्या मनलेर नावाच्या सेवकाला राजाने हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने राजाचे ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले. पुढे ते कुत्रे एका मोठ्या रानडुकराशी झुंजले आणि दोन्ही प्राणी मेले. मनलेराने शिळा उभारली. तिच्या पूजेसाठी जमीनही दिली गेली. एखादे गाव वा सोने मागता आले असते तेथे ज्याने कुत्रे मागितले, त्या माणसाचे दुःख त्या दगडात आहे यात शंका नाही. तरीही ही शिळा वीरगळाच्या परंपरेतली. ती सांगते ते शौर्य.

महाराष्ट्रातील उदाहरणेही याच वळणाची आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू छत्रपतींच्या आवडत्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्याने शाहूंना वाघापासून वाचवले अशी आख्यायिका आहे. त्याबद्दल त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाल्याचे ग्रँट डफ याने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. रायगडावरील वाघ्याची कथा तर सर्वांच्या परिचयाची. तेथील पुतळा विसाव्या शतकातला. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याला समकालीन साधनांत आधार नाही, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मध्यंतरी तो पुतळा काढला गेला व पुन्हा बसवला गेला. २०२५ साली तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. या वादात आम्हांस पडावयाचे नाही. एवढेच नमूद करावेसे वाटते की, अशा कथांत कुत्रा हा धन्याच्या थोरवीचा साक्षीदार असतो. निष्ठा त्याची, आणि मोठेपणा माणसाचा.

मग माणसाच्या निष्ठेचे काय? हा प्रश्न उलट बाजूने विचारणारा एक प्राचीन लेखक आहे: प्लूटार्क. रोमन मुत्सद्दी थोरला केटो याचे चरित्र लिहिताना तो एका जागी थबकतो. म्हातारे बैल, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम विकून टाकावा, असा सल्ला केटोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात दिला आहे. लढायांत साथ दिलेला घोडाही त्याने स्पेनमध्येच सोडला. का, तर सरकारी खर्चाने जहाजातून नेणे परवडू नये! प्लूटार्कला ही काटकसर पटत नाही. तो म्हणतो की, सत्प्रवृत्त माणूस थकलेल्या घोड्याला पोसतो आणि कुत्र्याचा सांभाळ पिल्लूपणातच नव्हे तर म्हातारपणातही करतो. झिजलेल्या वहाणा फेकाव्या तसे सजीवांना फेकता येत नाही. पाळीव प्राण्याच्या वार्धक्यावरून माणसाची परीक्षा करणारे इतके स्पष्ट विवेचन प्राचीन वाङ्मयात आम्हांस दुसरे आढळलेले नाही.

आणि असे सत्प्रवृत्त लोक होते, याचे पुरावे मिळतात. इटलीतील सालेर्नो येथील एका रोमन स्मृतिलेखात पॅट्रिकस नावाच्या कुत्र्याचा धनी सांगतो की, पंधरा वर्षांपूर्वी ज्याला आनंदाने उचलून आणले, त्यालाच आज रडत रडत उचलून नेत आहे. त्या कुत्र्याने कोणाला वाघापासून वाचवले नव्हते. तो घरात राहिला आणि म्हातारा झाला, एवढेच त्याचे कर्तृत्व.

दुसरा पुरावा अक्षरांचा नाही, हाडांचा आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके हे बंदर. कल्याण आणि सोपारा यांचा उल्लेख करणाऱ्या ‘पेरिप्लस’मध्ये याही बंदराचा उल्लेख येतो, आपल्या किनाऱ्याशी त्याचा व्यापार चाले. तेथे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील पाळीव प्राण्यांची दफनभूमी सापडली. सुमारे ५८५ प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांत मांजरे सर्वाधिक, कुत्री थोडी, आणि भारतातून नेलेली काही माकडेही. काही प्राणी इतके वृद्ध व दातांवाचून होते की, कोणी तरी मऊ अन्न भरवल्याखेरीज ते जगूच शकले नसते. वाळवंटाच्या कडेला, जेथे पाणीदेखील दुरून आणावे लागे, तेथे कोणी तरी बोळक्या कुत्र्यासाठी रोज घास मऊ करीत होते. त्या माणसाचे नाव उरलेले नाही. उरले आहे ते त्याने वाढवलेले आयुष्य.

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत खोल चिंतन महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. युधिष्ठिर आणि कुत्रा यांची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो. पण तिच्यातला वाद सहसा विसरला जातो. इंद्राचा युक्तिवाद दुबळा नाही. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडली, त्यांना सोडून तू पुढे आलास. मग या अमंगल प्राण्यासाठी स्वर्ग का नाकारतोस, असे तो विचारतो. युधिष्ठिराचे उत्तर असे की, ती मृत झाली होती. मृतांना परत आणणे माझ्या हाती नव्हते, जिवंत असताना मी त्यांना सोडलेले नाही. आश्रयाला आलेल्या जिवंत प्राण्याला टाकणे मात्र माझ्या हाती आहे, आणि म्हणूनच ते पाप आहे. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म, हे पुढे उघड होते. परंतु निर्णय घेताना युधिष्ठिरापुढे केवळ एक कुत्रा होता. निरोप आणि त्याग यांच्यामधली रेषा येथे जितकी स्वच्छ आखली आहे, तितकी क्वचितच कोठे आखली गेली असेल.

ही रेषा आपल्या समाजाने आपल्या परीने पाळली. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारच्या हुकुमाने बेवारशी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाजाने दंगा केला व इतरांनीही साथ दिली. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली: निरुपयोगी झालेल्या प्राण्याला मरेपर्यंत आसरा. पण आसरा दिला की प्रश्न सुटतो काय? १९२८ साली साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. गांधीजींनी डॉक्टरकरवी सुई देववून त्याचा अंत करविला आणि ते जाहीरपणे लिहिले. संतप्त पत्रांचा पाऊस पडला. अहिंसेच्या उपासकाने हिंसा केली, असा आक्षेप होता. गांधीजींचे म्हणणे असे की, स्वतःचा लाभ न पाहता केवळ त्या जिवाचे दुःख संपवणे ही हिंसा नव्हे.

हा वाद आता आश्रमापुरता राहिलेला नाही. तो शहरांतल्या असंख्य घरांत येऊन बसला आहे. पूर्वी कुत्र्याचे मरण आपोआप येई. आज औषधांनी त्याचे आयुष्य लांबते आणि शेवटी पशुवैद्य हलक्या आवाजात विचारतात की, काय करायचे? पंधरा वर्षे सोबत राहिलेल्या आमच्या कुत्र्याच्या बाबतीत हा प्रश्न आमच्यापुढेही आला होता. तेव्हा आम्हांस उमगले की, युधिष्ठिराची रेषा तेथे पुरी पडत नाही. जिवंताला सोडू नये हे खरे; पण त्याला वेदनेत धरून ठेवणे म्हणजे न सोडणे काय? आम्ही होकार दिला आणि सुई दिली जात असता त्याचे डोके मांडीवर धरून बसलो. तो निर्णय योग्यच होता असे सिद्ध करण्याचे साधन आमच्याजवळ नाही. एवढे मात्र सांगता येते की, त्या खोलीतून आम्ही आधी बाहेर पडलो नाही.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस जे दिसते ते थोडक्यात असे. शूर कुत्र्याला दगड मिळतो, कारण त्याचे शौर्य आपल्या उपयोगी पडलेले असते. म्हाताऱ्या कुत्र्याचा उपयोग संपलेला असतो; त्याच्यासाठी जे केले जाते त्याची परतफेड होणार नसते. म्हणूनच त्याचा इतिहास धन्याच्या कीर्तीचा होत नाही. तो बेरेनिकेच्या वाळूत आणि सालेर्नोच्या एका छोट्या लेखात सापडतो, आणि एरवी घराघरांत, खिमट कालवणाऱ्या हातांत, अंधारात अंगणापर्यंत उचलून नेणाऱ्या माणसांत, नोंद न होता चालू राहतो.