रंग भिंतीला धरतो कशाने?



दिवाळीआधी घराला रंग द्यायचा म्हटले की सगळे शेड कार्डावर तुटून पडतात. मी आधी दुकानदाराला विचारते, हा रंग भिंतीला धरतो कशाने?

प्रश्न जुना आहे, आणि आपल्या वाशिमपाशीच सुरू होतो. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती आणि अफगाणिस्तानातल्या दगडाचा निळा रंग आहे. हे रंग सरसात कालवले होते, असे अभ्यासक सांगतात. सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडे उकळून केलेली चिकट खळ.

आमच्या सासूबाईंच्या काळी भिंतीला चुना आणि त्यात चिमूटभर नीळ, आतल्या खोलीला पिवडी, जोत्याला गेरू. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आपोआप घट्ट होतो. तरी पकड हवीच असेल तर बाभळीचा डिंक घाला, सरस नको, असे त्या रंगाऱ्याला बजावत. पुढे डिस्टेंपर आला. त्यात सरस किंवा दुधातले केसीन असे. आजच्या इमल्शनमध्ये बहुधा ॲक्रिलिक असते. ब्रश मात्र डुकराच्या केसांचे अजूनही मिळतात, म्हणून नायलॉनचाच मागायचा.

पिवळा की आकाशी, ते मुले-सुना ठरवोत. डब्यात काय आहे आणि ब्रश कशाचा आहे, एवढे आपण विचारून घ्यावे.