रूममेटचे पत्ते, आईची पत्रिका

प्रसंग ओळखीचा असेल. शुक्रवारची रात्र, जर्सी सिटीतलं किंवा सॅन होजेमधलं अपार्टमेंट. रूममेट टॅरोचे पत्ते पिसते, तुम्हाला तीन काढायला सांगते आणि तुम्ही मन लावून ऐकता. शनिवारी सकाळी आईचा फोन येतो. "पत्रिका पाठवलीय हं त्यांना. गुण तेवीस जुळतायत, मंगळ सौम्य आहे म्हणाले." तुम्ही कपाळाला हात लावता. "आई, कुठल्या जमान्यात आहेस?"

रात्री जे 'स्पिरिच्युअल' होतं, ते सकाळी 'अंधश्रद्धा' कसं झालं?

पॉडकास्टचा हा भाग ऐकल्यावर पुढे काय वाचावं, ते सांगायला हा लेख आहे. नुसती यादी दिली तर ती सेव्ह होते आणि तशीच पडून राहते, म्हणून पुस्तकं त्यांच्या गोष्टीसकट सांगतो. एक पद्धतही सुचवतो. प्रत्येक विषयावर दोन प्रकारची पुस्तकं वाचा: एक आतल्या माणसाचं, म्हणजे जो हे करतो त्याचं, आणि एक बाहेरून तपासणाऱ्याचं. फक्त पहिलं वाचलंत तर भक्त व्हाल, फक्त दुसरं वाचलंत तर टिंगल करत बसाल. दोन्ही वाचलीत तर नीट प्रश्न विचारता येतील, रूममेटलाही आणि आईलाही.

पत्ते: आधी खेळ, मग भविष्य

"टॅरो प्राचीन इजिप्तमधून आलं" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते पहिल्यांदा कधी छापलं गेलं, हे माहीत आहे. १७८१ साली पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने लिहिलं की हे पत्ते म्हणजे इजिप्शियन पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी युरोपात कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉंने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे दावा ठोकला तेव्हा तो तपासायची सोयच नव्हती.

प्रत्यक्षात टॅरो जन्मलं पंधराव्या शतकात, उत्तर इटलीतल्या मिलान आणि फेरारासारख्या दरबारांत, आणि तो चक्क पत्त्यांचा खेळ होता. आपण ज्याला हुकूम म्हणतो, त्यासाठी चित्रांचे खास पत्ते काढले होते. हा इतिहास पुराव्यानिशी लिहिला मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने, 'द गेम ऑफ टॅरो' (१९८०) मध्ये. ते पुस्तक फार जाड आहे. त्यापेक्षा त्याने दोन सहलेखकांबरोबर लिहिलेलं 'अ विकेड पॅक ऑफ कार्ड्स' (१९९६) घ्या.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सावंतवाडीची गंजिफा आठवा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण १२०. देवांची चित्रं असूनही ते खेळायचे पत्ते होते. पवित्र चित्र आणि करमणूक एकाच पत्त्यावर राहू शकतात, हे सावंतवाडीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आतल्या बाजूने वाचायचं पुस्तक म्हणजे रॅचेल पोलॅक यांचं 'सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विज्डम'. दोन भागांत, १९८० आणि १९८३ मध्ये आलं. पोलॅक ब्रुकलिनच्या. त्या कादंबऱ्या लिहायच्या, सुपरहिरो कॉमिक्सही लिहायच्या, आणि पत्त्यांकडे त्या गोष्टी सांगणारी चित्रं म्हणूनच बघतात. पत्ता काढला की 'आता काय होणार' यापेक्षा 'या चित्रात मला माझं काय दिसतंय' हा प्रश्न त्यांच्याकडून शिकावा.

आणि रूममेटकडचा संच बहुधा ज्या चित्रांवर आधारलेला असेल, ती काढणाऱ्या बाईचं नाव माहीत करून घ्या: पामेला कोलमन स्मिथ. आईवडील अमेरिकन, जन्म लंडनचा, बालपणाचा काही काळ जमैकात, चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये. १९०९ साली आर्थर एडवर्ड वेट याच्या सांगण्यावरून तिने ७८ पत्ते काढले. आधीच्या बहुतेक संचांत लहान पत्त्यांवर फक्त पेले, तलवारी, नाणी मोजून काढलेली असत. तिने जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर माणसं आणि प्रसंग रंगवले, म्हणून आज शिकाऊ माणसालाही ते पत्ते 'वाचता' येतात. मोबदला मात्र एकरकमी आणि तुटपुंजा मिळाला. हा संच कित्येक दशकं प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्याच नावाने विकला गेला. १९५१ मध्ये ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. तिच्यावरचं 'द अनटोल्ड स्टोरी' (२०१८) हे पुस्तक चित्रांसाठी तरी चाळाच.

राशी: तुम्हाला दोन कशा?

ॲप म्हणतं तुम्ही 'लिओ', पत्रिका म्हणते वृश्चिक. यात कुणी चुकलेलं नाही, मोजमाप वेगळं आहे. पाश्चात्त्य रास सूर्यावरून ठरते, आपण चंद्रावरून सांगतो. शिवाय मोजायला सुरुवात करायची जागाही वेगळी. पाश्चात्त्यांची मकर रास सुरू होते २१-२२ डिसेंबरला, म्हणजे उत्तरायण खरोखर सुरू होतं त्या दिवशी. आपली मकरसंक्रांत १४ जानेवारीला, कारण आपण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतो, आणि पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलत असल्यामुळे दोन्ही मोजणींत आता सुमारे २४ अंशांचं अंतर पडलंय. तिळगूळ खाताना हे आठवा.

'हे सगळं आपल्या ऋषींचं' असं म्हणणाऱ्यांना आणि 'हे सगळं भारतीय खूळ' म्हणणाऱ्यांना, दोघांनाही एकाच पुस्तकाकडे पाठवता येईल. ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठात डेव्हिड पिंग्री नावाचे प्राध्यापक होते. १९७८ मध्ये त्यांनी 'यवनजातक' हा संस्कृत ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केला. यवन म्हणजे ग्रीक. त्याच्या काळाबद्दल नंतरच्या संशोधकांनी पिंग्रींना आव्हान दिलंय, पण मूळ मुद्दा शब्दांतच दिसतो. 'होरा' ग्रीक, 'केंद्र' हे ग्रीक 'केंत्रॉन'वरून. लग्न जुळवताना ज्या सप्तम स्थानाकडे बघतात, त्याचं जुनं नाव 'जामित्र', ते व्यासासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं, कारण ते स्थान लग्नस्थानाच्या बरोबर समोर असतं. आईची पत्रिका आणि रूममेटचं ॲप ही दूरची चुलत भावंडं आहेत.

याच्या जोडीला मराठीतला एक मोठा ग्रंथ आहे, आणि तो मराठीतूनच वाचता येतो याचा अभिमान बाळगा: शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' (१८९६). दीक्षित कोकणातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. वेदकालीन वाङ्मयात नक्षत्रं आहेत, पण मेष-वृषभ ही राशींची नावं नाहीत, हे त्यांनी ग्रंथ धुंडाळून दाखवलं. भाषा जुनी आहे. आधी अनुक्रमणिका वाचा आणि हवं ते प्रकरण उघडा.

ॲप तुमच्या स्वभावाबद्दल बोलतं आणि जोशीकाका लग्न-नोकरीबद्दल, हा फरक मात्र नवा आहे. १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. तिचे संस्थापक ब्लाव्हॅट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत आले, गिरगावात राहिले, आणि त्यांचं मासिक तिथूनच निघालं. कर्म, पुनर्जन्म हे शब्द त्यांच्यामार्फत पश्चिमेत पसरले. याच सोसायटीतल्या ॲलन लिओ या इंग्रज ज्योतिषाने भविष्यापेक्षा स्वभावावर भर दिला. पुढे लिंडा गुडमन यांचं 'सन साइन्स' (१९६८) अमेरिकेत प्रचंड खपलं. आतल्या बाजूचं पुस्तक म्हणून तेच वाचा, आणि लगेच अडोर्नोचं 'द स्टार्स डाउन टू अर्थ'. या जर्मन तत्त्ववेत्त्याने १९५२-५३ च्या हिवाळ्यात 'लॉस एंजेलिस टाइम्स'मधलं राशिभविष्य काही महिने बारकाईने वाचलं. त्याला आढळलं की तारे रोज एकच सांगतायत: दिवसा साहेबाशी जुळवून घ्या, संध्याकाळी मजा करा.

मग हे खरं ठरतं का? याची एक चाचणी पुण्यात झाली. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० पत्रिका जमवल्या: १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. २००९ मध्ये हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले. त्यांचं 'ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी' हे प्रश्नोत्तरांचं पुस्तक आईलाही देता येईल, कारण त्यात कुणाची टवाळी नाही.

चेटकीण: आपणहून घेतलेलं नाव आणि लादलेलं नाव

इथे मात्र जपून वाचा.

अमेरिकेत आज कुणी अभिमानाने 'मी विच आहे' म्हणतं, त्यामागे एक तरुण धर्म आहे. जेराल्ड गार्डनर या इंग्रजाने १९५४ मध्ये पुस्तक लिहून जाहीर केलं की ख्रिस्तपूर्व काळातला चेटकिणींचा धर्म अजून टिकून आहे. ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 'द ट्रायम्फ ऑफ द मून' (१९९९) मध्ये दाखवलं की अशी अखंड परंपरा सापडत नाही. हा धर्म विसाव्या शतकातच घडला. गंमत म्हणजे बऱ्याच अनुयायांनी हे पुस्तक स्वीकारलं. धर्म नवा असला म्हणून खोटा ठरत नाही, असं ते म्हणाले. आतलं पुस्तक मार्गो ॲडलर यांचं: 'ड्रॉइंग डाउन द मून' (१९७९). त्या नॅशनल पब्लिक रेडिओच्या पत्रकार होत्या आणि स्वतः याच पंथाच्या. तिसरं तान्या लुरमन यांचं 'पर्सुएजन्स ऑफ द विचेस क्राफ्ट' (१९८९). लंडनमधली शिकलेली, नोकरदार माणसं जादूवर हळूहळू विश्वास कसा ठेवू लागतात, हे त्यांनी त्यांच्यात राहून पाहिलं. याच बाईंनी पुढे मुंबईच्या पारशांवर पुस्तक लिहिलं. २००७ पासून अमेरिकन सैनिकाच्या सरकारी स्मृतिशिळेवर या धर्माचं पंचकोनी ताऱ्याचं चिन्हही कोरता येतं.

पण त्याच अमेरिकेत १६९२ साली सेलममध्ये हेच नाव लोकांवर लादलं गेलं. १९ जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. बॉयर आणि निसेनबॉम यांचं 'सेलम पझेस्ड' (१९७४) वाचा. गावातल्या जमिनीची, चर्चची, घराण्यांची भांडणं त्या आरोपांखाली कशी दडली होती, ते नकाशांसकट दिसतं. दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन या बाईचं नाव निर्दोष व्हायला २०२२ साल उजाडलं, आणि त्यासाठी पाठपुरावा केला तो आठवीच्या मुलांनी.

आता नंदुरबारकडे या. सातपुड्यातल्या पाड्यांवर 'डाकीण' हा शब्द अजून जिवंत आहे. मूल दगावतं, गुरं मरतात, भगत एक नाव सांगतो. ते बहुतेकदा बाईचं असतं, पुष्कळदा एकट्या बाईचं. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी खून. तिथल्या बाईला हा शब्द टी-शर्टवर मिरवता येत नाही.

अशा छळाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून दाभोलकर अनेक वर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांना गोळ्या घालून मारलं. काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. एखाद्यावर करणी-चेटकाचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. जोशी-ज्योतिषांचा सल्ला मात्र कायद्यातून वगळलाय. उलट न्यूयॉर्कच्या दंडसंहितेत पैसे घेऊन भविष्य सांगणं आजही किरकोळ गुन्हा आहे, सूट आहे ती निव्वळ करमणुकीच्या कार्यक्रमाला. दोन्ही समाजांनी रेघ कुठे मारली, बघा. दाभोलकरांचं 'तिमिरातुनी तेजाकडे' वाचलंत तर महाराष्ट्रातली रेघ कशी ठरत गेली ते कळेल.

म्हणून कुठलीही प्रथा समोर आली की 'किती जुनी?' याच्याबरोबर 'किंमत कोण मोजतं?' हेही विचारा. रूममेटचे तीन पत्ते कुणाचं लग्न मोडत नाहीत. पत्रिकेतला मंगळ मोडू शकतो, आणि बहुतेकदा त्याची झळ मुलीला लागते. पण रूममेट उद्या पत्ते बघून औषध बंद करायला निघाली, तर तिलाही तोच प्रश्न विचारायचा.

सुरुवात कुठून करायची? टॅरोसाठी पोलॅक, विचक्राफ्टसाठी ॲडलर, ज्योतिषासाठी घाटपांडे. दुसऱ्या फेरीत डमेट, हटन आणि दीक्षित. आणि या शनिवारी आईचा फोन आला की कपाळाला हात लावण्याआधी तिला विचारा: माझी पत्रिका कुणी मांडली, कधी? घरात दाते पंचांग होतं की टिळक? दोघांचा आरंभबिंदू वेगळा, म्हणून काही वर्षी सणांच्या तारखाही वेगळ्या येतात. आणि पत्रिकेमुळे आपल्या नात्यातल्या कुणाचं लग्न अडलं होतं का?

शेवटच्या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प बसेल. तेव्हा मध्येच बोलू नका, ऐकून घ्या.