गिनीपिगच्या पाठीवरची साक्ष

गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या, मृत थरात राहते. तिथे रक्त पोचत नाही, तेव्हा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा तिथे काय संबंध, असे शिकलेली माणसेही म्हणतात. मग लाली आणि खाज हाच रोग ठरतो, आणि ती शमवणारे स्टेरॉइडयुक्त मलम दुकानातून घरी येते. या मताचा पाया अर्धसत्य आहे आणि त्यावरचा निष्कर्ष घातक.

स्विस त्वचारोगतज्ज्ञ ब्रुनो ब्लॉख यांनी १९०८ मध्येच दाखवले की, गजकर्णातून बऱ्या झालेल्या गिनीपिगला ती बुरशी पुन्हा सहजी जडत नाही. पुढे १९३८ मध्ये डीलामेटर आणि बेनहॅम यांनी हा क्रम बारकाईने नोंदवला. पाठीवरचे केस काढून तिथे बुरशी चोळली की काही दिवसांत कातडी लाल होते, सुजते, खपल्या धरते. दाह शिगेला पोचतो आणि त्यानंतरच बुरशी हटू लागते. काही आठवड्यांत नवे केस येतात. दुसऱ्या खेपेला लाली लवकर उमटते आणि रोगही लवकर आटोपतो. म्हणजे दाह ही बरे होण्याचीच वाट. १९८०च्या दशकात कॅल्डरॉन आणि ‘हे’ (Hay) या संशोधकांनी बऱ्या झालेल्या उंदरांच्या लसिकापेशी निरोगी उंदरांना दिल्या, तेव्हा संरक्षणही त्यांच्याबरोबर गेले. नुसत्या रक्तद्रवाने ते गेले नाही.

यावर आक्षेप येतो की गिनीपिग म्हणजे माणूस नव्हे. आक्षेप रास्त आहे. माणसात वर्षानुवर्षे ठाण मांडणारी ट्रायकोफायटॉन रुब्रम प्राण्यांच्या कातडीवर नीट रुजत नाही. त्यामुळे चिवट गजकर्णाचे सगळे कोडे गिनीपिग उलगडणार नाही. पण मूळ मुद्द्याला माणसाचीही साक्ष आहे. अल्जीरिया, मोरोक्को आणि ट्युनिशियातल्या आठ कुटुंबांतील १७ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिकारयंत्रणेतल्या ‘कार्ड-९’ या जनुकात जन्मजात दोष असलेल्या या रुग्णांत हीच ‘वरवरची’ बुरशी कातडीच्या खोल थरांत उतरली होती. काहींचा त्यात मृत्यूही झाला. बुरशी मृत थरात थांबते, कारण प्रतिकारशक्ती तिला तिथे थोपवून धरते.

स्टेरॉइड नेमका हाच पहारा ढिला करते. लाली मावळते, रोग्याला बरे वाटते आणि बुरशी पसरत राहते. गजकर्णाच्या या बदललेल्या रूपाला आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ मध्येच ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेले गजकर्ण, असे नाव दिले.

तेव्हा मलमाच्या ट्यूबवरचा मजकूर वाचा. त्यात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे स्टेरॉइड दिसले, तर ते मलम गजकर्णावर स्वतःच्या मनाने लावू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.