कुरणातला मुक्काम कोणाचा?

बचत गटाच्या बैठकीत आपण शेळ्या, म्हशी, पेंडीचा भाव असं नेहमी बोलतो. आज मात्र आफ्रिकेतल्या एका गुरांच्या कुरणावर मुक्कामाला जाऊ.

केनिया देशात एल्मेंटेटा सरोवराच्या काठी सोयसांबू नावाचं हजारो एकरांचं कुरण आहे. तिथे आजही गुरं पाळली जातात. जवळच झेब्रे आणि जिराफही चरतात. हे सगळं पाहायला देशोदेशीचे पाहुणे पैसे देऊन राहायला येतात. पण पाहुण्यांच्या आधी इथे कोण राहत होतं?

मसाई लोक. गुरं हेच त्यांचं धन. त्यांच्यात घर बाई बांधते. फांद्या वाकवून सांगाडा करायचा आणि शेण-मातीने लिंपायचा. धार तीच काढते, घरात कोणाला किती दूध द्यायचं तेही तीच ठरवते.

१९०१ साली मोंबासाहून निघालेली रेल्वे व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोचली. तिच्या बांधकामावर आपल्या भारतातून नेलेले हजारो मजूर राबले होते. रेल्वेचा खर्च निघावा म्हणून इंग्रज सरकारने गोऱ्या लोकांना तिथे जमिनी दिल्या. लॉर्ड डेलामेअर यांना न्जोरोला १ लाख एकर मिळाली. गवत हिरवंगार, पण त्यांची गुरं-मेंढरं काही धरेनात, मरू लागली. त्या मातीत जनावराला लागणारी खनिजंच कमी होती. मसाई तिथे गुरं चारत नसत, त्यांना हे आधीच ठाऊक होतं! पुढे डेलामेअर सोयसांबूला आले आणि तिथे गुरं राखायला त्यांनी मसाई गुराखीच ठेवले.

दरम्यान १९०४ साली सरकारने मसाई पुढाऱ्यांशी करार केला. दरीतली चांगली कुरणं सोडा, उत्तरेला लायकिपियात जा, तुमची जमात असेल तोवर ती जमीन तुमचीच, असं वचन दिलं. ते सातच वर्षं टिकलं. १९११ला नवा करार झाला. हजारो माणसं, लाखो गुरं-मेंढरं पुन्हा हलवली, या वेळी दक्षिणेला. १९१३ला मसाई कोर्टात गेले. हा दोन सत्तांमधला तह आहे, तो तपासायचा अधिकार आम्हाला नाही, असं सांगून कोर्टाने दावा फेटाळला.

बहिणींनो, करारावर पुढारी पुरुषांच्या खुणा आहेत. घर बांधणाऱ्या, धारा काढणाऱ्या बायकांपैकी एकीचीही नाही. दोन्ही वेळा घर मोडलं ते तिचं, आणि नव्या जागी शेण-माती कालवायला बसली तीही तीच.

आपल्या गोठ्यातलं शेण आपण काढतो, वैरण आपण घालतो. पण सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का? आज घरी गेल्यावर उतारा काढून एकदा वाचा. पुढच्या बैठकीत येताना तो सोबत आणा.