शाखा पुन्हा पुन्हा जुळवताना

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादकपद 1925 मध्ये वि. स. सुखटणकरांकडे आले. ते बर्लिनला हाइन्रिश ल्यूडर्स यांच्याकडे शिकलेले. पोथ्यांची वंशावळ लावून जुन्या पाठाकडे जायचे, ही तिथली शिस्त. पण नकलकारांनी निरनिराळ्या शाखांचे पाठ वेळोवेळी एकमेकांत मिसळले होते आणि कोठून काय घेतले याची नोंद बहुधा ठेवली नव्हती. वंशावळीचे धागे जागोजागी गुंतले ते त्यामुळे.

जर्मनीत संगणकाच्या कामावर आल्यावर मला हीच अडचण नव्या वेषात भेटली. एकाच आज्ञावलीवर दोन गट वेगवेगळे काम करू लागले, की तिच्या दोन शाखा होतात. त्या जुळवायला दोन प्रती पुरत नाहीत. एक ओळ इथे आहे, तिथे नाही. मग ती एकाने घातली की दुसऱ्याने गाळली? हे सामाईक मूळ प्रतच सांगू शकते. वाल्टर टिची यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात रचलेल्या आरसीएसमध्ये अशी तिहेरी तुलना होती. हेच टिची पुढे आपल्या कार्ल्सरूहला प्राध्यापक झाले.

पहिली जुळवणी यामुळे सोपी झाली. पेच पडे दुसऱ्या वेळी. डिक ग्रून यांनी 1986 मध्ये आम्स्टरडॅमला आरसीएसच्या पायावर सीव्हीएस उभारली. ती जुळवणी करी, पण केल्याचे लक्षात ठेवत नसे. पुढच्या खेपेस ती पुन्हा फांदी फुटली तिथपासून मोजणी करी आणि आधीच घेतलेले बदल परत घालू पाही. म्हणून प्रत्येक जुळवणीनंतर माणसाने हाताने खूण लावायची. ती राहिली, की मिटलेले तंटे पुन्हा मिटवत बसा!

2005 मध्ये आलेल्या गिटने जुळवणीतून निघालेल्या प्रतीच्या नोंदीतच तिचे दोन्ही पूर्वज लिहिले. त्यामुळे पुढची तुलना मागच्या भेटीपासून सुरू होते. सबव्हर्जनही 2008 च्या 1.5 आवृत्तीपासून झालेल्या जुळवण्यांची नोंद आपणहून ठेवू लागली.

आज इतिहास नीटनेटका दिसावा म्हणून पुष्कळ जण शाखेतले सारे बदल दाबून त्यांची एकच नोंद करतात. त्यात शाखेचा पूर्वज म्हणून उल्लेख उरत नाही. शाखा तिथेच संपणार असेल, तर बिघडत नाही. तीच पुढे चालवायची असेल, तर मात्र दोन्ही पूर्वजांची नावे राहू द्यावीत. नाहीतर पुढच्या जुळवणीला बसणाऱ्याच्या वाट्याला सुखटणकरांची मेहनत येते, आणि तीही महाभारताशिवाय.