सैनिकी वैद्यकीय तपासणी

सैन्यात प्रवेश करणाऱ्या व्यक्तीचे शरीर व मन लष्करी श्रम सोसण्यास समर्थ आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून होणारी पद्धतशीर पाहणी. सक्तीची भरती असते तेथे तरुण नसलेले व्यंग दाखवू पाहतो. स्वेच्छेची भरती असते तेथे तो असलेले व्यंग लपवितो. भारतात लष्करी सेवा स्वेच्छेची असल्याने येथील तपासणीचा रोख दुसऱ्या प्रकारावर राहिला आहे.

इतिहास : प्रारंभी तपासणीत उंचीला फार महत्त्व होते. आदॉल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुमारे एक लाख फ्रेंच तरुणांच्या उंचीचे आकडे तपासले. १·५७ मी. या किमान मर्यादेच्या खाली अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक आणि तिच्या लगेच वर तितकेच कमी तरुण त्याला आढळले. सेवा टाळण्यासाठी उंची कमी नोंदविली गेली होती, हे केवळ आकड्यांवरून उघड झाले. नेत्रपरीक्षेसाठी स्नेलेन याचा अक्षरतक्ता (१८६२) रूढ झाला. रंगांधळेपणा ओळखण्याचे इशिहारा यांचे ठिपक्यांचे तक्ते (१९१७) तर जपानी सैन्यभरतीच्या गरजेतूनच निर्माण झाले. बोअर युद्धाच्या वेळी (१८९९–१९०२) ब्रिटनमध्ये असंख्य इच्छुक नाकारले गेले, तेव्हा राष्ट्राच्या प्रकृतीचीच चौकशी करणारी समिती नेमावी लागली. तिच्या अहवालानंतर (१९०४) शालेय भोजनाचा व विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. नाकारलेल्यांची यादी हा त्या त्या प्रदेशाच्या आरोग्याचा लेखच असतो.

भारतातील पद्धती : चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुका व वैनगंगेपलीकडील गडचिरोली जिल्हा येथील उमेदवार नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या कक्षेत येतात. २०२३ पासून लेखी परीक्षा आधी, नंतर १·६ किमी. धाव, शारीरिक मोजमापे व शेवटी वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. सर्वसाधारण सैनिकासाठी महाराष्ट्रातील उमेदवारास १६८ सेंमी. उंची आणि ७७ सेंमी. छाती, फुगवून ५ सेंमी. वाढ, अशी अट आहे. आदिवासी उमेदवारांस उंचीत सवलत मिळते. तपासणीच्या वेळी उमेदवारास कपडे उतरवून उभे केले जाते. एकमेकांस टेकणारे गुडघे, सपाट तळपाय, फुगलेल्या शिरा यांकडे प्रथम लक्ष जाते. कानांची परीक्षा सुमारे ६ मीटरांवरून कुजबुजून, प्रत्येक कानाची वेगळी घेतात. दातांना गुण दिले जातात आणि किमान १४ गुण लागतात. संकोचामुळे अनेक तरुण गोंधळतात. वस्तुतः येथे काही लपविण्याजोगे उरत नाही. अपात्र ठरलेल्यास ठराविक मुदतीत लष्करी रुग्णालयातील तज्ञाकडून फेरतपासणी करून घेता येते. कानातील मळ, किडलेले दात यांसारखे दोष आधीच दूर करता येत असल्याने त्यांपायी संधी गमावणे हे दुर्दैवच होय.

वनप्रदेशातील विशेष प्रश्न : या भागात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आहे. त्यामुळे होणारी अंडवृद्धी अपात्रतेस कारण होते; मात्र शस्त्रक्रियेने ती बरी होते. जखम पूर्ण भरून येण्यास अवधी लागत असल्याने शस्त्रक्रिया भरतीच्या बऱ्याच आधी व्हावी लागते.

सिकलसेलचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या व्यक्तीस आजार होतो व ती लष्करी श्रमांस अयोग्य ठरते. एकाच पालकाकडून दोष आलेली व्यक्ती केवळ वाहक असते आणि सामान्यतः निरोगी जीवन जगते. हा वाहकगुण फाल्सिपेरम हिवतापापासून संरक्षण देतो, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. हिवतापाच्या अरण्यात पिढ्यान् पिढ्या ज्याने तारले, तोच गुण सैन्याच्या दाराशी संशयास्पद ठरला. अमेरिकेत फोर्ट ब्लिस येथील चार वाहक सैनिकांच्या मृत्यूंचा वृत्तांत १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील वायुसेना अकादमीने वाहकांवर घातलेली बंदी १९८१ मध्ये उठली. १९८७ च्या अभ्यासात प्रशिक्षणकाळातील आकस्मिक मृत्यूचा धोका वाहकांत कित्येक पटींनी अधिक दिसला होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र, पाणी व विश्रांती यांची दक्षता घेणाऱ्या सैन्यात, वाहकांचा मृत्युदर इतरांहून अधिक आढळला नाही. अतिश्रमाने स्नायू विघटित होण्याचा धोका तेवढा वाढलेला दिसला. भारतात २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासी भागांतील रहिवाशांची रक्ततपासणी करून त्यांना निष्कर्षाचे कार्ड दिले जाते. आपण वाहक आहोत की रुग्ण, हे त्यावरून भरतीच्या पुष्कळ आधी कळते.